राजकन्येचे अर्धविराम

समुद्राकाठी एक चिमुकलं राज्य होतं आणि तिथल्या राजाला एकुलती एक मुलगी होती. ती इंग्रजी शिकत होती. गुरुबाईंनी तिला सेमीकोलन, म्हणजे अर्धविराम, शिकवला आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. वर टिंब, खाली स्वल्पविराम. तिला ते चिन्ह फारच देखणं वाटलं.

गुरुबाई म्हणाल्या, "बाळ, याच्या दोन्ही बाजूंना पुरं वाक्य लागतं. आणि ती दोन वाक्यं एकमेकांच्या नात्यातली हवीत. वाक्य मध्येच तोडून हा घालू नये."

"पण छान दिसतो की," राजकन्या म्हणाली आणि मनाला येईल तिथे तो घालत राहिली.

त्या वर्षी परदेशातली राणी पाहुणी आली. तिच्या मोठमोठ्या गलबतांनी खाडीचं तोंड अडलं आणि कोळ्यांच्या होड्या बाहेर पडेनात. गलबतं जरा बाजूला घ्यावीत, अशी इंग्रजीत विनंती करायची होती. राजकन्येने ती हौसेने लिहिली. दरबारात वाचायचं काम म्हाताऱ्या भालदाराचं. समोर असेल तसं इमानाने वाचणारा माणूस तो.

"अवर बोट्स;" असं म्हणून तो थांबला. "आर; स्मॉल; अँड;" पुन्हा थांबला.

राणीला वाटलं, आजोबांना दम लागतोय. तिने स्वतः उठून त्यांना पाणी दिलं. दरबारात खसखस पिकली.

राजा ओशाळला. "भालदार, तुमचं आता वय झालं. उद्यापासून घरी बसा."

भालदार कागद ठेवून मागे सरला. राजकन्या गप्प राहिली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण ती उठली.

"बाबा, चूक त्यांची नाही, चूक माझी आहे. मी लिहिलं तसंच त्यांनी वाचलं."

राणी हसली. "लहानपणी मीही हेच करायचे. आण तो कागद."

दोघींनी मिळून नको तिथले अर्धविराम खोडले. एकच ठेवला: "अवर बोट्स आर स्मॉल; युवर शिप्स आर बिग."

राजाने भालदाराचा हात धरून त्याला पुन्हा पुढे आणलं. "माझं चुकलं. वाचा तुम्हीच." यावेळी तो फक्त एकदाच, बेताचा थांबला. राणीने शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याच संध्याकाळी गलबतं हलवली. सकाळी कोळी समुद्रावर गेले, तेव्हा राजकन्या धक्क्यावर भालदारासोबत उभी होती.

तात्पर्य: शिकलेलं मिरवायला नव्हे, जागच्या जागी वापरायला असतं, आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी जाऊ लागली, तर गप्प बसू नये.