सुरूचा खांब

फार पूर्वी एका बंगलेवाल्याने किनाऱ्याची वाळू चारी बाजूंनी तारेच्या कुंपणात घेतली. कुंपणाचा सुरूचा खांब कोणालाच आत सोडत नसे. नारळी पौर्णिमेचा नारळ गावाने दूरच्या खडकावरून वाहिला. अंडी घालायला आलेली कासवीण तारेला धडकून परत गेली. आत फक्त बंगल्याचा कुत्रा हिंडे.

शेवटी ग्रामपंचायतीने मोबदला देऊन ती जागा गावासाठी घेतली आणि कुंपण उपटलं.

"आता मी चुलीत जाणार," खांब म्हणाला.

"चुलीत कशाला? अडवायचं काम तुला चांगलं जमतं," सरपंच भागीरथीबाई म्हणाल्या. त्या वर्षी कासवीण पुन्हा आली, तेव्हा तिच्या अंड्यांभोवती तारेचं कुंपण घालताना त्यांनी त्यालाच रोवला.

संध्याकाळी कुत्रा अंडी उकरायला आला आणि तारेपाशी अडला.

"मला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं," खांब म्हणाला. "काम तेच आहे, धनी बदललाय."