आईची पळसपाने

सागाच्या एका दाट जंगलात एक तरुण वानर राहत असे. तिथे लहानथोर सगळ्यांना टोपलीचेंडूचे वेड. उंच फांदीला बूड काढलेली टोपली बांधायची आणि वेलींचा चेंडू तीत टाकायचा. आपल्या वानराची उडी अशी, की त्याला चेंडू फेकावा लागतच नसे, तो नुसता टोपलीत ठेवून येई! मग काय, कौतुकाला तोटा नाही. त्याने शाळेला दांडी मारली तरी कासवगुरुजी हजेरी लावत, परीक्षेत कोरे पान दिले तरी पास करत. शाळेचे नाव होत होते ना! आई तेवढी म्हणे, "बाळा, चार अक्षरं शीक रे." पण घरच्यांचे कोण ऐकतो, तुम्हीच सांगा.

एके दिवशी नदीपलीकडचा कोल्हा आला आणि वानराला आपल्या संघात घेऊन गेला. तिथे टाळ्या पुष्कळ, पण ओळखीचे कोणी नाही. खेळ संपला की सारे आपापल्या घरी जात आणि वानर एकटाच फांदीवर बसून राही. त्याला आईची फार आठवण येई. दर महिन्याला पारवा आईचे पान आणून देई. पळसाच्या पानावर तिने काट्याने अक्षरे कोरलेली असत. वानराला कुठले वाचता यायला! तो पान कोल्ह्यापुढे धरी.

कोल्हा नुसती नजर टाकून म्हणे, "आई मजेत आहे. खेळत राहा, यायची घाई करू नकोस म्हणते."

"एवढं भरलेलं पान, आणि इतकंच?"

"अक्षर मोठं आहे रे तिचं! उत्तर लिहितो मी, तू सरावाला जा."

उत्तर त्याने कधीच लिहिले नाही. हुकमी खेळाडू घरी गेला तर सामने कोण जिंकून देणार?

मग एका सामन्यात वानर उंचावरून पडला आणि त्याचा घोटा मोडला. दुसऱ्याच दिवशी कोल्ह्याने नवा उडीवाला आणला. वानराकडे तो फिरकलासुद्धा नाही. गरज सरो, वैद्य मरो! शेवटी मैदान झाडणाऱ्या म्हाताऱ्या साळिंदराला वानर म्हणाला, "आजोबा, एवढं पान वाचून दाखवता?"

"आईचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस ऐकशील? बस इथं," साळिंदर म्हणाले आणि त्यांनी धुळीत 'अ' काढला. मोठ्या वयात अक्षरे डोक्यात शिरता शिरत नव्हती. तरी वानर दिवसभर गिरवत राही. साळिंदर झाडायला गेले, की त्याच्याशी बोलायलाही कोणी नसे.

चार महिन्यांनी त्याने ढोलीत जपलेली सगळी पाने काढली आणि अक्षराला अक्षर लावत वाचू लागला. "बाळा, मी पडले. झाडावर चढवत नाही. एकदा येऊन जा." पुढच्या पानावर, "उत्तर नाही आलं. रागावलास का?" शेवटच्या पानावर ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. "दिसेनासं झालंय. आता लिहिता येणार नाही." वानर ढसाढसा रडला. आता उत्तर लिहावे, तर ते वाचणार कोण? पाने उराशी धरून तो लंगडत घराकडे निघाला.

आई चिंचेखाली बसली होती. तिने त्याचा चेहरा चाचपला आणि ओळखले. "इतकी पानं धाडली, एकाचंही उत्तर नाही रे?"

"आई, मला वाचताच येत नव्हतं."

तिने त्याने उराशी धरलेल्या पानांवरून बोटे फिरवली. मग म्हणाली, "आता येतं?"

"येतं."

"मग वाच. सगळी वाच. इतके दिवस मी एकटीच बोलत होते."

वानराने पहिले पान हातात घेतले.

तात्पर्य : अंगचे कसब हातपाय धड असेपर्यंतच साथ देते. ज्याला स्वतःला वाचता येत नाही, त्याला आपल्याच माणसांचे मनही दुसरा सांगेल तसेच मानावे लागते.