श्वानसभेची दोन मिनिटं

कुत्र्यांना भुंकण्यापेक्षा भाषणांची गोडी लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. त्या वर्षी उसातल्या बिबट्यानं कुत्र्यांवर नुसता ताव मारला होता. अखिल भारतीय श्वान कल्याण सभाही काही हातावर हात धरून बसली नव्हती बरं का! एखादा कुत्रा गेला रे गेला, की ती तातडीनं शोकसभा घ्यायची.

अशाच एका शोकसभेला ठमी कुत्री आपल्या एकुलत्या एक पिलाला, गुंड्याला, घेऊन आली. अध्यक्ष झुबकेराव म्हणाले, "आता सर्वांनी माना खाली घालून दोन मिनिटं शांत उभं राहायचं."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ठमीची मात्र जाईना, कारण गुंड्याच्या मागेच बिबट्या दबा धरून बसलेला तिला दिसला. ती जिवाच्या आकांतानं भुंकली. बिबट्या दचकून उसात पळाला.

"अगं बाई, काही रीतभात?" झुबकेराव कडाडले. "दिवंगतांचा अपमान केलास!"

"अहो साहेब, बिबट्या आला होता! सगळे मिळून भुंकलो, तर शिवार सोडून पळेल मेला."

"आला असेल. तो विषय आजच्या सभेपुढे नाही. चला, शांतता पुन्हा पहिल्यापासून!"

ठमीनं गुंड्याची मानगूट तोंडात धरली आणि ती तडक घरी निघाली. बाकीच्यांनी पुन्हा माना खाली घातल्या. उसात बसून बिबट्या सगळं ऐकतच होता.

दुसऱ्या दिवशी खुद्द झुबकेरावांचीच शोकसभा भरली. नवे अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "काल बिबट्यानं साहेबांना उचललं, तरी एकानंही शांतता मोडली नाही. साहेबांना केवढा अभिमान वाटला असता!"