मुशीचा माग

मुलांनो, जंगलातले कोल्हे-कावळे आज झोपू देत. आपण जरा खाऱ्या पाण्यात उतरू. किनारा दिसेनासा होतो त्याच्याही पुढे, भर समुद्रात, पाण्याखाली एक डोंगर आहे. तळाचं गार पाणी त्याच्या उतारावर आपटून वर येतं, सोबत खाणं घेऊन येतं, आणि मग तारली माशांचे असे थवे जमतात की सगळं पाणी चकाकायला लागतं. या डोंगरावर एक मुशी येत असे. मुशी म्हणजे शार्क. तिचे दात पाहाल तर बोबडी वळेल! पण तीसुद्धा आईच होती. पिल्लं घालायला ती दर खेपेला याच डोंगराच्या आडोशाला येई.

एकदा ती किनाऱ्याजवळ शिकार करत असताना माणसांनी तिला हलकेच धरलं, पाठीवरच्या त्रिकोणी परावर एक छोटं यंत्र बसवलं आणि लगेच सोडून दिलं. होडीतल्या बाई म्हणाल्या, "चला, आता हिचा माग काढू." झालं! मुशीच्या काळजात धस्स झालं. तिला 'माग' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. खाण्यावाचून दुसऱ्या कशासाठी तिनं जन्मात कुणाचा माग काढला नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा पाकट मासा वाळूत अंग पसरून पडलेला असे. त्यानं ते यंत्र पाहिलं आणि तो भडकलाच. "अगं, हे काय लोढणं घेऊन आलीस! तळ खरवडणारी मोठी जाळी आधीच इकडे सरकायला लागली आहेत. त्यात तू माणसांना वाट दाखवतेस? तुझी पिल्लं जातील आणि आमचीही जातील. चालती हो!"

मुशी मागे वळली. पिल्लं पोटात होती, तरी डोंगराकडे फिरकायचं नाही असं तिनं ठरवलं. ती दूर ओसाड पाण्यात गेली आणि खोल खोल राहू लागली. तिथे खायला काही नव्हतं. ती वाळत चालली. पोटात पिल्लं वळवळली की तिचा जीव तुटायचा. इथे घातली तर ती उपाशी मरणार, आणि डोंगरावर घातली तर जाळ्यात जाणार. बिचारीनं करावं तरी काय?

अगदीच राहवेना तेव्हा एका दुपारी ती थोडी वर आली. तिथे एक कासवीण तरंगत होती आणि तिच्या पाठीवर एक कुरव पक्षी ऐटीत बसला होता. मुशीनं पाहिलं, तर कासविणीच्या पाठीवरही तसंच यंत्र!

"माझाही माग काढतायत," कासवीण म्हणाली, "पण अजून मला धरायला कुणी आलेलं नाही बाई."

"येतील कशाला?" कुरव म्हणाला. "यंत्र बसवणाऱ्या त्या बाईंच्या खिडकीत मी बसतो ना, मला विचार! ढगांच्याही वर माणसांनी सोडलेला एक तारा फिरतोय. उपग्रह म्हणतात त्याला. तुझा पर पाण्याबाहेर आला की हे यंत्र त्याला हाक मारतं, आणि तो ऐकतो! एवढ्या अफाट समुद्रातून तुझी एकटीची हाक! मग बाईंच्या भिंतीवरच्या नकाशावर एक ठिपका उमटतो. कासविणीच्या ठिपक्यांची रेघ, कुपा माशाची रेघ, कुठून कुठून येतात आणि आपल्या डोंगरावर येऊन गुंततात. ते पाहून बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, 'अगं बाई, केवढं मोठं घर हे, आणि आपल्याला पत्ताच नव्हता!'"

"मग ती जाळी?" मुशीनं विचारलं.

"तिथे जाळी नकोत म्हणून बाई भांडतायत. पण समोरचे म्हणतात, दोघे आले म्हणून काय झालं? मोठा शिकारी मासा कुठे येतो तिथे? आणि तुझा ठिपका तर गायबच!"

मुशीनं वर पाहिलं. लख्ख उन्हात तारा काही दिसेना. "मला दिसतसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली, "आणि तरी माझं ऐकतो?"

"ऐकतो तर!"

ती तशीच डोंगराकडे निघाली. पाकट माशानं आरडाओरडा केला, पण ती थांबली नाही. सरळ वर गेली आणि तिनं पर पाण्याबाहेर काढला. डोंगराच्या आडोशाला पिल्लं झाली. ती त्यांच्याभोवती फिरायची, शिकार करायची आणि मधूनमधून वर जाऊन हाक मारून यायची.

मग एके सकाळी पाणी घरघरू लागलं. जाळ्याची मोठी बोट येत होती. पाकट मासा वाळूत शिरला. मुशी पिल्लांपुढे आडवी उभी राहिली. घरघर जवळ आली, आणखी जवळ आली, आणि थांबली. डोंगर सुरू होतो तिथेच बोटीनं जाळं वर ओढून घेतलं आणि लांबून वळसा घालून ती निघून गेली. वरून कुरव ओरडला, "तुझा ठिपका दिसला आणि बाई जिंकल्या, इथे जाळी टाकायला बंदी झाली!"

पाकट मासा वाळू झटकत बाहेर आला. "अगं, गेली की! तू केलंस तरी काय?"

"काही नाही," मुशी म्हणाली. "आम्ही इथे राहतो, एवढंच सांगितलं."

पाकट मासा वर बघू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझा तो तारा कुठल्या बाजूला असतो गं?"

तात्पर्य : माग मारण्यासाठी काढतात, तसा राखण्यासाठीही काढतात. ज्या घराचा पत्ताच कुणाला ठाऊक नाही, त्याची राखण कोण करणार?