विषपाणी

“पाणी तर गोडं आहे! मग या बेटाला विषपाणी कोणी म्हटलं?”

विश्रामने ओंजळीतलं पाणी पुन्हा चाखलं आणि गुरूंकडे रोखून पाहिलं.

केरोबा झऱ्याकाठच्या खडकावर बसले होते.

“मी.”

त्या दर्याला किनारा नव्हता. नुसती बेटं. आणि जहाजं चालायची ती केरोबांनी ठेवलेल्या नावांवर. फुटकी दाढ म्हटलं की खडकांपासून लांब राहायचं. लाकूडवाडी म्हटलं की मोडलेली डोलकाठी बदलून मिळायची. चाळीस वर्षांत त्यांचं एकही नाव खोटं निघालं नव्हतं.

विश्राम त्यांचा सर्वांत हुशार शिष्य, आणि ते त्याला ठाऊक होतं. राजाच्या आरमारासाठी नवा नकाशा तोच काढत होता. ‘विषपाणीवर उतरू नकोस,’ असं गुरूंनी बजावलं, तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. म्हणूनच तो उतरला होता, आणि केरोबा त्याच्या मागोमाग.

“चुकून ठेवलंत हे नाव?”

“नाही.”

“म्हणजे जाणूनबुजून...”

केरोबांनी होकारार्थी मान हलवली.

“माझा भाऊ याच बेटासमोरून गेला, बाबा. पिंपं कोरडी पडली होती. तुम्ही ठेवलेल्या नावावर विश्वास ठेवून त्यांनी नांगर टाकला नाही, आणि सगळे तहानेने मेले.”

“अकरा माणसं होती,” केरोबा म्हणाले. “मला माहीत आहे.”

“माहीत आहे? आणि तरीही... काय लपवलंय इथे? मोती? लुटीचा माल?”

विश्रामने नकाशा उलगडला, जुनं नाव खरवडून काढलं आणि तिथे लिहिलं : गोडं पाणी, बारमाही झरा.

केरोबांनी त्याला अडवलं नाही. ते उठले आणि टेकडी चढू लागले. विश्राम चार पावलं अंतर ठेवून मागे निघाला. त्याचा हात कमरेच्या सुरीवर होता.

टेकडीपलीकडे वीस-पंचवीस झोपड्या होत्या. वाळत घातलेली जाळी होती. एक माणूस जाळं विणत बसला होता. त्याच्या दोन्ही घोट्यांवर बेड्यांचे जुने वण होते.

विश्राम थबकला. वल्हेकऱ्यांना साखळीने बांधून ठेवायची रीत एकाच आरमारात होती... राजाच्या.

एक म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन पुढे आली.

“दमलास रे पोरा. पी.” मग तिचं लक्ष त्याच्या दुसऱ्या हातातल्या गुंडाळीकडे गेलं. “हे काय आहे?”

“नकाशा.”

“कोणासाठी?”

विश्रामला सांगवेना.

तिने तांब्या तिथेच खाली ठेवला. वळली, आणि अंगणातल्या पोरांना हाताला धरून आत नेलं. एकामागून एक दारं लागली. जाळं विणणारा माणूसही उठून गेला.

विश्रामने नकाशाची गुंडाळी पाठीमागे लपवली. पण बघायला आता कोणी उरलं नव्हतं.

“बाबा...” त्याचा आवाज खाली आला होता. “ही माणसं इतकी कोणाला घाबरतात?”

केरोबांनी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

“आज सकाळपर्यंत कोणालाच घाबरत नव्हती.”