आबासाहेबांना मॅक्रो चालेना

आमच्या बँकेचे अध्यक्ष आबासाहेब खराडे यांना छोटं काही मानवतच नसे. सत्काराचा हारसुद्धा गुडघ्यापर्यंत लागे. शाखेचं नाव टाकलं की तिथल्या खातेदारांची यादी निघावी, म्हणून संगणक विभागाच्या वृषाली कोष्टींनी डेटाबेसमध्ये एक मॅक्रो, म्हणजे ठरावीक आज्ञांचा तयार संच, लिहिला.

"नुसता मॅक्रो?" आबासाहेब भर बैठकीत कडाडले. "शेजारच्या बँकेत स्टोअर्ड प्रोसिजर आहे! आपल्याकडेही तीच हवी, नाहीतर तुमची बदली!"

"साहेब, मध्येच विचार करून निर्णय घ्यायचा असेल, तिथे प्रोसिजर लागते," कोष्टी म्हणाल्या. "इथे सगळं ठरलेलं आहे, फक्त शाखेचं नाव बदलतं. त्याला मॅक्रो पुरतो."

"नुसतं नाव बदलून कुठलं मोठं काम होतं हो?"

"प्रत्येक शाखेच्या उद्घाटनाला तुमचं भाषण होतंच की, साहेब."

संचालकांनी घाईघाईने चहाचे कप तोंडाला लावले. आबासाहेब लालबुंद झाले. "म्हणजे मी मॅक्रो?"

"छे हो, साहेब! परवा कुंभारीच्या शाखेत तुम्ही 'माझ्या बोरखेडकर बंधूंनो' म्हणालात. मॅक्रो नाव चुकत नाही."