वेणूचा प्रश्न

“मग तू काय सांगितलंस तिला?” अच्युतबुवांनी विचारलं.

भार्गवशास्त्री खाली बघतच म्हणाले,

“श्लोक म्हटला, बुवा. देह जातो, आत्म्याला मरण नाही, या अर्थाचा. अर्थही उलगडून सांगितला.”

“मग?”

“वेणू उठून आत गेली. तेव्हापासून बोललेली नाही माझ्याशी. ताट वाढते, पाणी ठेवते... बोलत नाही.”

वारणेकाठच्या त्या मठात दुपारचं दुसरं कोणी नव्हतं. बुवा ओसरीवर बसून तुळशीच्या काड्यांचे मणी घासत होते.

भार्गवशास्त्री म्हणजे पंचक्रोशीतलं मोठं नाव. ते पुराण सांगायला बसले की देवळात पाय ठेवायला जागा नसे. कृष्णाची कथा तर अशी सांगत, की जणू परवाच गोकुळात मुक्काम करून आलेत. शास्त्रीबुवांची आणि देवाची घरची ओळख आहे, असं लोक म्हणत. शास्त्र्यांनाही ते ऐकायला बरं वाटे. पोरवयात पहिले पाठ त्यांनी याच मठात, याच बुवांकडून घेतले होते. पुढे काशीला जाऊन शिकून आले, नाव झालं, आणि मठातलं येणं सणावारापुरतं उरलं.

श्रावणात त्यांच्या लेकीची, वेणूची, तान्ही मुलगी तापानं गेली. वेणू तेव्हा माहेरीच होती. सुतक फिटल्यावर एके सकाळी ती देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

“अप्पा,” ती म्हणाली, “तुमची त्याची ओळख आहे ना? मग माझं एवढं विचारा त्याला. माझं बाळ का नेलं, म्हणावं.”

त्यावर शास्त्र्यांनी तो श्लोक म्हटला होता.

“तिनं विचारायला सांगितलं,” बुवा म्हणाले, “आणि तू सांगत बसलास.”

“पण उत्तर शास्त्रात दिलेलं आहे, बुवा.”

“असेल. शास्त्राला विचारा, असं ती म्हणाली नव्हती.”

शास्त्री जरा चिडलेच. “देवाला विचारायचं म्हणजे काय? तो काय समोर येऊन बसलाय?”

बुवांचा हात थांबला.

“रोज पूजा कोणाची करतोस?”

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता...

“खरं सांगू, बुवा?” शेवटी ते हळूच म्हणाले. “तिनं म्हटलं तेव्हा मी वळलो होतो त्याच्याकडे. पण तोंडातून शब्द फुटेना. जन्मभर ज्याच्याविषयी बोललो, त्याच्याशी काय बोलावं तेच कळेना. म्हणून श्लोक म्हटला.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल.”

गाभारा लहानसा. काळ्या दगडाचा मुरलीधर, पुढं समई.

“विचार,” बुवा म्हणाले.

शास्त्र्यांनी मांडी घातली, हात जोडले आणि सवयीनं, खड्या आवाजात स्तोत्र धरलं.

“हे कोणाचं?”

“पूर्वाचार्यांचं.”

“त्यांचं बोलून झालंय. तू बोल.”

शास्त्र्यांनी घसा साफ केला. “हे दयाघना, भक्तवत्सला, अनाथांच्या नाथा...”

“वेणूला हाक मारताना तिची बिरुदं म्हणतोस का?”

शास्त्री गोरेमोरे झाले.

मग बुवांनी वाकून देवापुढची घंटा उचलली. पळी-पंचपात्र घेतलं. गंधाची सहाण, फुलांची परडी, सगळं एकेक करून काखेत, हातात घेतलं. दाराशी जाऊन म्हणाले, “मी बाहेर आहे. मला ऐकायचं नाही.”

आणि दार ओढून घेतलं.

शास्त्री एकटेच उरले. हात आपसूक घंटेकडे गेला, घंटा नव्हती. फुलांकडे गेला, फुलं नव्हती. रिकाम्या हातांनी देवापुढं बसल्याचं त्यांना आठवेना. या मूर्तीच्या उभं राहण्यावर, मुरली धरण्यावर, गळ्यातल्या माळेवर ते घटकाभर सहज बोलू शकले असते. पण आता नुसतं तिच्या डोळ्यांकडे बघायचं, तर मान वर होईना.

“वेणू विचारतेय...” त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले.

“वेणू नाही. मी विचारतोय.”

समईची वात तडतडली.

“वेणूची पोर रांगत यायची तुझ्याकडे. मी पूजेला बसलो की यायची. तुझ्या पायावरची तुळस उचलून तोंडात घालायची. मी ओरडायचो तिला. तू हसत असशील, असं मला वाटायचं... तुला आवडायची ना ती? मग का नेलीस? तुझ्याकडे काय कमी होतं रे?”

पुराण सांगणारा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. मागून आलं ते याहून कडू होतं. शत्रूलाही कधी ऐकवलं नव्हतं असं ते त्याला बोलले. बोलता बोलता कपाळ त्या दगडी चौथऱ्यावर टेकलं आणि एवढ्या दिवसांत न आलेलं रडू आलं.

ते बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती. बुवा पुन्हा मणी घासत बसले होते.

“काय सांगू मी वेणूला?” शास्त्र्यांनी विचारलं. “तो काही बोलला नाही.”

“विचारलं, म्हणून सांग.”

“आणि उत्तर?”

“नाही मिळालं, म्हणून सांग.”

शास्त्र्यांनी मान हलवली. नमस्कार करून उपरणं खांद्यावर टाकलं आणि पायऱ्या उतरले. मठाबाहेरच्या चिंचेपर्यंत गेले, तिथं घुटमळले, आणि तसेच परत आले.

“बुवा... मी नाही नाही ते बोललो त्याला. लाज वाटावी असं बोललो.” “रागावला असेल का तो माझ्यावर?”

बुवांनी मणी उजेडात धरून पाहिला. त्यावर फुंकर मारली.

“त्यालाच विचार. तुम्हा दोघांच्या मधे मला घेऊ नकोस.”